‘ओलेल’ म्हणजे नक्की कोण? स्तोत्र १३७:९ मधले हिब्रू शब्द

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तरुणांच्या बायबल अभ्यासात स्तोत्र १३७ घेतलं. बाबेलच्या नद्या, वाळुंजांवर टांगलेल्या वीणा, परक्या देशात गाणं कसं गावं, इथपर्यंत सगळ्यांचे डोळे ओलावले होते. मग शेवटचं वचन आलं: जो तुझी लेकरं धरून खडकावर आपटील तो धन्य. वर्ग गप्प झाला. एकाने सांगितलं की मूळ हिब्रूत ‘मुलं’ नाहीतच, ‘प्रजा’ किंवा ‘राजवंश’ आहे. दुसऱ्याने प्रवचनात ऐकलं होतं की लेकरं म्हणजे पापी विचार आणि खडक म्हणजे ख्रिस्त. तिसऱ्याने विचारलं, ‘धन्य’ म्हटलंय, म्हणजे देवाने याला आशीर्वाद दिला का? आणि तुम्ही विचारता, मूळ शब्द काय सांगतात.

मूळ शब्द मराठीपेक्षा सौम्य नाहीत. मी बरीच वर्षं हिब्रू शिकवते आहे, आणि जवळजवळ प्रत्येक तुकडीत कुणीतरी या वचनापाशी येऊन आशेने विचारतं, ‘मूळात काहीतरी वेगळं असेल ना?’ नाही. ज्या शब्दाकडून सुटका मिळेल असं वाटतं, तोच सगळ्यात पक्का आहे. पण त्याच शब्दांचा माग काढत गेलं तर आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मराठी वाचून सहसा हाती लागत नाही. या वचनातला बहुतेक प्रत्येक शब्द आधी दुसऱ्या कुणाच्या तरी लेकरांबद्दल वापरला गेला आहे.

हिब्रू ओळ अशी वाचतात: ‘अश्रेइ शेय्योखेझ वेनिप्पेत्स एत ओलालायिख एल हस्साला’. शब्दशः, भाग्याचा तो जो पकडील, आणि आपटून फोडील, तुझ्या ओलेलांना, त्या खडकावर.

‘ओलेल’पासून सुरू करू, कारण वाद तिथेच आहे.

हिब्रूत लहान मुलासाठी पुष्कळ शब्द आहेत. ‘येलेद’ म्हणजे जन्मलेलं मूल, ‘जन्म देणे’ या धातूवरून आलेला शब्द. ‘योनेक’ म्हणजे अंगावर पिणारं. ‘गामूल’ म्हणजे अंगावरचं दूध तोडलेलं. ‘ताफ’ म्हणजे कुटुंबातली चिल्लीपिल्ली, जी प्रवासात गाड्यांवर बसवावी लागतात ती. ‘नआर’चा आवाका फारच मोठा, तान्ह्या मोशेपासून लढाईवर जाणाऱ्या जवानापर्यंत. ‘बेन’ म्हणजे मुलगा, आणि त्याच शब्दाने वंशज, एखाद्या गावचे रहिवासी, एखाद्या टोळीचे लोक असं सगळं सांगता येतं.

‘ओलेल’ यात कुठे बसतो? जुन्या करारात तो विसेक ठिकाणी येतो. बऱ्याचदा तो ‘योनेक’च्या जोडीला असतो. स्तोत्र ८ मधली ‘बालके आणि तान्ही मुले’ हीच जोडी. १ शमुवेल १५:३ मध्ये अमालेकाच्या संहाराच्या आज्ञेत हीच जोडी, आणि नोब नगरातल्या याजकांच्या कत्तलीत पुन्हा हीच. योएल लोकांना उपासाला बोलावतो तेव्हा ओलेलांना आणि अंगावर पिणाऱ्यांना सोबत आणा म्हणतो. यिर्मया ६:११ मध्ये ओलेल रस्त्यावर आहे, म्हणजे खेळणारं. विलापगीत ४:४ मध्ये ओलेल भाकरी मागतात, म्हणजे बोलणारे आणि दात आलेले. ईयोब ३:१६ मध्ये मात्र ज्याने उजेडच पाहिला नाही, पोटातच गेलं, तेही ओलेल. तेव्हा मर्यादा अशी: पोटातल्या जिवापासून अंगणात पळणाऱ्या पोरापर्यंत. त्यापुढचं वय या शब्दात कुठेच सापडत नाही.

‘प्रजा’ किंवा ‘राजवंश’ हा अर्थ काढायचा तर तो ‘बेन’मधून काढता आला असता. गंमत म्हणजे हा शब्द याच स्तोत्रात दोन वचनं आधी आहे. सातव्या वचनात ‘बेने अदोम’ येतं, शब्दशः अदोमाचे मुलगे, आणि तिथे अर्थ खरोखरच ‘अदोमी लोक’, म्हणजे यहूदाचे शेजारी, असा आहे. कवीला बाबेलचे लोक म्हणायचं असतं तर ‘बेने बावेल’ हा शब्दप्रयोग त्याच्या तोंडात होताच. बाबेलच्या राजघराण्याचा निर्वंश व्हावा असं म्हणायची हिब्रू रीतही ठाऊक आहे. यशया १४ मध्ये बाबेलच्या राजाबद्दल तेच म्हटलंय, आणि तिथे शब्द आहेत ‘बानीम’, ‘नीन’ आणि ‘नेखेद’, म्हणजे मुलगे, वंश, संतती. त्या कवितेत ओलेल नाहीत. इथे आहेत. कवीने निवडून लहानातला लहान शब्द घेतला आहे.

त्या शब्दाला जोडलेला प्रत्यय बघा: ‘-आयिख’. हा ‘तुझी’ स्त्रीलिंगी एकवचनी आहे. ‘तुझी’ म्हणजे आठव्या वचनातल्या बाबेलकन्येची, ‘बत बावेल’ची. हिब्रू कवितेत नगराला मुलगी किंवा बाई कल्पायची रीत आहे, विलापगीतात सियोनकन्या, म्हणजे यरुशलेम, आहे तशीच. त्यामुळे वचन एका राज्याशी नाही, एका आईशी बोलतं. मराठीत ‘तुझी’ या रूपावर ‘लेकरं’ या शब्दाचं लिंग बसतं, समोरच्या व्यक्तीचं नाही, म्हणून ही गोष्ट आपल्या वाचनात निसटते.

आता माग काढण्याचा भाग. यरुशलेम बाबेलच्या हाती पडलं ते इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये. त्यानंतरच्या शोककविता विलापगीत या पुस्तकात आहेत, आणि ‘ओलेल’ हा जणू त्या पुस्तकाचा स्वतःचा शब्द आहे. पहिल्याच अध्यायात सियोनेचे ओलेल शत्रूपुढे चालत कैदेत जातात (१:५). दुसऱ्यात ओलेल आणि योनेक नगराच्या चौकात मूर्च्छित पडतात, आईला विचारतात धान्य कुठे आहे, आणि आईच्या उराशी जीव सोडतात (२:११-१२). चौथ्यात ते भाकरी मागतात आणि मोडून देणारं कुणी नाही (४:४).

आणि मग २:२०. इथे हिब्रू ऐकताना अंगावर काटा येतो, कारण ‘ओलेल’च्याच अक्षरांचं एक क्रियापद आहे, ‘ओलेल’ असंच उच्चारलं जाणारं, आणि त्याचा अर्थ ‘कठोरपणे वागवणे, हाल करणे’. कवी सियोनकन्येच्या तोंडून देवाला म्हणतो: बघ परमेश्वरा, तू कोणाचे असे हाल केलेस (‘ओलाल्ता’)? बायकांनी आपलंच फळ खावं का, तळहातावर वाढवलेले ओलेल? एकाच वचनात क्रियापद आणि नाम समोरासमोर आणून ठेवले आहेत. ‘तळहातावर वाढवलेले’ हा माझा अनुवाद. मूळ शब्द ‘तिप्पुखीम’ बहुधा ‘तेफाख’ म्हणजे तळहाताच्या रुंदीच्या मापाच्या शब्दाशी जोडलेला आहे. तळहाताच्या फोडासारखं जपलेलं मूल असं आपण म्हणतो, ते इथे चपखल बसतं.

तर बाबेलच्या ‘ओलेलां’चा उल्लेख होतो तेव्हा ऐकणाऱ्या यहूदी कानाला तो शब्द नवा नसतो. तो त्यांच्या स्वतःच्या मेलेल्या मुलांचा शब्द असतो.

या स्तोत्रात त्याची आणखी एक खूण आहे, आणि तुमच्या वर्गाला ती मी आवर्जून दाखवीन. सहाव्या वचनात कवी स्वतःला शाप देतो: यरुशलेमा, तुला विसरलो तर माझी जीभ टाळूला चिकटो. विलापगीत ४:४ उघडा: तान्ह्याची जीभ तहानेने टाळूला चिकटली आहे. क्रियापद तेच, ‘दावाक’. जीभ आणि टाळू हेही तेच शब्द. हा वाक्प्रचार ईयोब आणि यहेज्केल यांतही भेटतो, तेव्हा उसनवारी सिद्ध होते असं मी म्हणणार नाही. पण वेढ्यातली तहानलेली लेकरं ज्यांनी पाहिली होती त्यांना ती ओळ ऐकून दुसरं काय आठवलं असेल?

आठव्या वचनावर थांबू, कारण नववं वचन एकटं उभंच राहत नाही. ‘अश्रेइ शेयशाल्लेम लाख एत गेमूलेख शेग्गामाल्त लानू’: तू आमच्याशी जो गेमूल केलास तो जो तुला फेडील तो भाग्याचा. ‘गेमूल’ म्हणजे केलेल्या कृत्याचं फळ, परतफेड. आणि हा ‘गामाल’ धातू तोच, ज्याचा दुसरा अर्थ मुलाचं दूध तोडणे. इसहाकाचं दूध तोडलं आणि अब्राहामाने मेजवानी दिली, तिथे हेच क्रियापद आहे. स्तोत्र १३१ मध्ये आईपाशी शांत बसलेलं दूध तोडलेलं बालक म्हणजे ‘गामूल’. आठव्या वचनात अर्थ निःसंशय परतफेडीचा आहे. पण एका ओळीत ‘गेमूल’, ‘गामाल्त’ आणि लगेच पुढच्या ओळीत ‘ओलालायिख’, हा शेजार कवीच्या कानाने टिपला नसेल असं मला वाटत नाही. तिसऱ्या वचनातला छळणाऱ्यांसाठीचा शब्द ‘तोलालेनू’ हाही पुन्हा कुठेच न सापडणारा आणि ‘ओलालायिख’शी जवळचा उच्चार असलेला. या स्तोत्रात ‘ल’ आणि ‘ग’ सारखे घुमत राहतात. ते मोठ्याने म्हणून दाखवल्याशिवाय कळत नाही.

‘निप्पेत्स’बद्दल सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

शत्रूच्या सैन्याने लहान मुलं आपटून मारणे, याला हिब्रूत एक ठरलेलं क्रियापद आहे: ‘रातश’. संपूर्ण जुन्या करारात ते फक्त सहा ठिकाणी येतं आणि त्यातल्या चार ठिकाणी त्याच्यासोबत ‘ओलेल’ आहे. २ राजे ८:१२ मध्ये अलीशा संदेष्टा हजाएलाच्या, अरामाच्या होणाऱ्या राजाच्या, तोंडाकडे टक लावून पाहतो आणि रडतो; हजाएल विचारतो, धनी का रडतात? अलीशा म्हणतो, तू इस्राएलाचे ओलेल आपटशील हे मला दिसतंय म्हणून. होशेय १३:१६ मध्ये (हिब्रूत हे १४:१ आहे, क्रमांक जुळला नाही तर गोंधळू नका) शोमरोनाबद्दल तेच. नहूम ३:१० मध्ये मिसरातलं नो-आमोन, म्हणजे थीब्ज, अश्शूरी सैन्याने इ.स.पू. ६६३ मध्ये लुटलं, त्याच्या प्रत्येक चौकात ओलेल आपटले गेले. आणि यशया १३:१६ मध्ये हेच बाबेलबद्दल भाकीत म्हणून येतं: त्यांचे ओलेल त्यांच्या डोळ्यांदेखत आपटले जातील.

म्हणजे ‘ओलेल’ म्हटलं की पुढे ‘रातश’ येणार, ही ऐकणाऱ्याची अपेक्षा. स्तोत्र १३७ ती मोडतं. तिथे येतं ‘निप्पेत्स’.

या क्रियापदाचं घर म्हणजे मातीची भांडी. गिदोनाचे लोक मडकी फोडतात तिथे हाच धातू. स्तोत्र २:९ मध्ये कुंभाराच्या भांड्यासारखा चुराडा, तिथेही हाच. मग हा शब्द इथे का? माझ्या मते उत्तर यिर्मया ५१ मध्ये आहे. तिथे परमेश्वर कुणाला तरी म्हणतो, तू माझा ‘मप्पेत्स’ आहेस, म्हणजे ठेचायचा सोटा. आणि मग ‘वेनिप्पात्स्ती बेखा’, तुझ्याकडून मी ठेचीन, हे नऊ वेळा येतं. राष्ट्रं, घोडा नि स्वार, पुरुष नि स्त्री, म्हातारा नि पोर, मेंढपाळ नि कळप, नांगऱ्या नि बैलजोडी. घणाचे घाव पडावेत तसं एकेक वाक्य. हा सोटा म्हणजे बाबेल, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अगदी पुढच्याच वचनात, ५१:२४ मध्ये, बाबेलने सियोनात केलेल्या सगळ्या वाईटाची फेड करीन असं येतं. ते मान्य केलं तर १३७:९ मधलं क्रियापद बाबेलचं स्वतःचं आहे. ज्या हत्याराने जग फोडलं त्याचाच शब्द त्याच्यावर उलटवला आहे. आठव्या वचनातली ‘परतफेड’ इथे शब्दाशब्दाने केली जाते.

‘शेय्योखेझ’, जो पकडील, याबद्दल फार नाही. हातात घट्ट धरण्याचं साधं क्रियापद आहे. त्याचं काम इतकंच की कृती दुरून होत नाही, हाताने होते.

‘हस्साला’. हा शब्द एरवी ‘सेला’. वचनाच्या शेवटी स्वर लांबतो म्हणून ‘साला’. अर्थ खडक, कडा. इथे एक साधा भूगोल लक्षात घ्या: बाबेल गाळाच्या मैदानात आहे. तिथे दगडच नाही. उत्पत्ती ११ मध्ये बुरूज बांधणारे दगडाऐवजी विटा वापरतात, ते वर्णन करणाऱ्या इस्राएली लेखकाला तेच तर नवल वाटलं आहे. मग हा खडक कुठला? काही अभ्यासक म्हणतात की हा अदोमाकडे तिरपं बोट दाखवणारा शब्द आहे. अदोमाच्या एका डोंगरी ठाण्याचं नावच सेला होतं (२ राजे १४:७), ओबद्या अदोमाला खडकाच्या कपारीत राहणारा म्हणतो, आणि सातव्या वचनात कवी नुकताच अदोमावर बोलून गेलाय. मला हे शक्य वाटतं, पण पक्कं नाही. यहूदाचा डोंगराळ मुलूख खडकांनी भरलेला आहे आणि कवीच्या डोळ्यांपुढे तोच खडक असेल, इतकं सरळ उत्तरही पुरेसं आहे.

अदोमाचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट दडवून चालणार नाही. २ इतिहास २५:१२ वाचा. यहूदाचा राजा अमस्या याने अदोम्यांवर विजय मिळवला तेव्हा यहूदाच्या लोकांनी दहा हजार जिवंत कैदी ‘रोश हस्सेला’वर, कड्याच्या टोकावर नेले आणि खाली ढकलून दिले. २ राजे १५:१६ मध्ये इस्राएलाच्या मनहेम राजाने तिफसाहच्या गरोदर बायकांची पोटं चिरली. ही युद्धाची रीत सगळ्यांची होती, फक्त शत्रूची नव्हती. ‘त्या काळचे परके लोक क्रूर होते, म्हणून आमचा कवी रागावला’ असं वर्गात सांगू नका. कुणीतरी इतिहासाचं पुस्तक उघडेल.

आता ‘धन्य’. इथे मराठी आपल्याला नकळत फसवते. हिब्रूत दोन वेगळे शब्द आहेत. ‘बारूख’ म्हणजे आशीर्वादित. तो देवाबद्दल आणि माणसाबद्दल दोघांबद्दल वापरतात, आणि माणसाबद्दल वापरला की मागे देणारा देव असतो. ‘अश्रेइ’ मात्र देवाबद्दल जुन्या करारात एकदाही येत नाही. तो माणसाने माणसाला बघून काढलेला उद्गार आहे, काय भाग्य याचं! स्तोत्रसंहितेचा पहिला शब्द तोच आहे. शलमोनाच्या दरबारातल्या सेवकांना पाहून शबाची राणी म्हणते, तुमचे हे लोक किती भाग्यवान, तिथेही ‘अश्रेइ’ आहे, आणि ती तर परदेशी राणी. मराठी बायबलात ‘अश्रेइ’ला ‘धन्य’ आणि ‘बारूख’ला ‘धन्यवादित’, ‘धन्यवाद’ असे शब्द रूढ झाले. दोन्ही एकाच मुळाचे, त्यामुळे वाचकाला दोन्हीकडे एकच घंटा ऐकू येते. हिब्रूत तसं होत नाही. १३७:९ मध्ये देव बोलत नाही, देव आशीर्वाद देत नाही, देवाला ‘असं कर’ अशी विनंतीही नाही. सातव्या वचनात परमेश्वराला हाक आहे: ‘झेखोर’, आठवण ठेव, अदोमाविरुद्ध. आठव्यात कवीने तोंड वळवलं आहे आणि तो बाबेलशी बोलतोय. कर्ता आहे एक निनावी ‘जो’. कवी ‘मी’ असंसुद्धा म्हणत नाही.

याने वचन निर्दोष ठरतं का? नाही. ज्या माणसाचं तोंड भरून कौतुक केलं जातंय तो लेकरं मारणाराच आहे. पण ‘देवाने आज्ञा दिली’ आणि ‘जखमी माणसाने देवासमोर असं म्हटलं’ यात व्याकरणाने फरक केला आहे, आणि तो तिसऱ्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पापी विचार आणि ख्रिस्त-खडक या अर्थाचंही सांगते. तो नवा नाही आणि तुमच्या पाळकांनी मनाने काढलेला नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ग्रीक धर्मपंडिताने तो मांडला: बाबेल म्हणजे गोंधळ, तिची बाळं म्हणजे मनात नुकतेच जन्मलेले वाईट विचार, ते लहान असतानाच ठेचावेत. ऑगस्टीन या लॅटिन धर्मपंडिताने पुढे तो लोकप्रिय केला, आणि खडकाला ख्रिस्त म्हटलं ते १ करिंथ १०:४ च्या आधाराने. बेनेडिक्टच्या मठांच्या नियमावलीतही तो शिरला. ही वाट ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांतून गेलेली आहे. खडकासाठीचा ‘पेत्रा’ हा शब्द स्तोत्रात आणि करिंथच्या पत्रात सारखाच असल्यामुळे उडी मारणं सोपं झालं. हिब्रूतून तो अर्थ निघत नाही. ज्या साधूंना हे स्तोत्र नेमाने म्हणायचं होतं आणि मुलं मारण्याची इच्छा धरायची नव्हती, त्यांनी शोधलेली ती तोड आहे. मला तिच्याबद्दल आदर आहे. पण ‘मूळात असंच आहे’ म्हणून ती शिकवणं चूक. आणि मला खरं सांगायचं तर तिची एक किंमतही आहे: ती मान्य केली की विलापगीतातली लेकरं पुन्हा एकदा नाहीशी होतात.

ग्रीक भाषांतराचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. सेप्टुआजिंटमध्ये, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, ‘निप्पेत्स’साठी ‘एडाफिझो’ हे क्रियापद वापरलं आहे, जमिनीवर आपटणे. नव्या करारात ते एकदाच येतं, लूक १९:४४ मध्ये. येशू यरुशलेमकडे बघून रडतो आणि म्हणतो, ते तुला आणि तुझ्यातल्या तुझ्या मुलांना धुळीस मिळवतील. ‘तुझ्या मुलांना’ इथेही नगराला स्त्री मानून बोललेलं आहे. हजाएलासमोर अलीशा रडला होता, इथेही तसंच. तुमच्या वर्गाला नव्या करारातून काही जोडायचंच असेल तर खडकापेक्षा हा दुवा भक्कम आहे, कारण तो शब्दावर उभा आहे.

इतिहासाबद्दल दोन गोष्टी, कारण कुणीतरी विचारेलच की मग झालं का तसं. नबुखद्नेस्सरने रिब्लाला सिद्कीया राजाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले, हे २ राजे २५:७ मध्ये आहे. त्याच्या आधीचा राजा यहोयाखीन मात्र बाबेलात जगला. रॉबर्ट कोल्डेवाय या जर्मन संशोधकाच्या उत्खननात बाबेलच्या राजवाड्यात मातीच्या पाट्या सापडल्या, त्या १९३९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत यहूदाच्या राजाला आणि त्याच्या पाच मुलांना तेलाचा शिधा दिल्याच्या नोंदी आहेत. एका राजाची मुलं मारली, दुसऱ्याची पोसली. आणि इ.स.पू. ५३९ मध्ये पर्शियाच्या खोरेश राजाचं सैन्य बाबेलात शिरलं तेव्हा, बाबेलच्याच इतिवृत्तानुसार, नगरात लढाई झाली नाही. नवव्या वचनातली इच्छा त्या दिवशी पुरी झाली नाही. स्तोत्र तरीही बदललं नाही, तसंच जपलं गेलं.

आठव्या वचनातला ‘हश्शेदूदा’ हा शब्दही यात अडखळवतो: रूप कर्मणी आहे, ‘लुटलेली, उद्ध्वस्त झालेली’, पण जुनं सुरियानी भाषांतर आणि तर्गुम हे अरामी भाषांतर तो ‘लुटणारी’ असा वाचतात. मराठीत दोन्ही तऱ्हा भेटल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

वाचन-प्रार्थनेत काय करावं, हे मात्र शब्दकोश सांगत नाही. कॅथलिक चर्चने १९७१ च्या नव्या प्रार्थनाविधीत या स्तोत्राची पहिली सहाच वचनं ठेवली, शाप गाळले. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या परंपरेच्या, यहूदी घरांत कामाच्या दिवशी जेवणानंतरच्या आभारप्रार्थनेआधी हे स्तोत्र म्हणायची प्रथा आहे, आणि मंदिराच्या नाशाच्या उपासाशीही ते जोडलेलं आहे. दोन्ही बाजूंचं मला समजतं. शिकवताना मात्र मी गाळत नाही.

वर्गासाठी माझी सूचना: पुढच्या वेळी स्तोत्र १३७ आधी उघडू नका. विलापगीताचा दुसरा अध्याय मोठ्याने वाचा, एका मुलीला किंवा बाईला वाचायला सांगा, कारण त्याच्या शेवटी बोलते ती सियोनकन्या आहे. मग २ राजे ८ मधला अलीशा. मग स्तोत्र, सहाव्या वचनातल्या जिभेपाशी थोडं थांबून. ‘हे देवाचं वचन कसं’ असं कुणा मुलाने विचारलं, तर त्याला उत्तर देण्याची घाई करू नका. त्याचा प्रश्न बरोबर आहे आणि अलीशाच्या रडण्यात तोच प्रश्न आहे.

शेवटी भाषांतराचं. ‘मुलेबाळे’ म्हटलं की मराठी कानाला संसार, कुटुंबकबिला ऐकू येतो, आणि ‘प्रजा’ हा अर्थ तिथूनच आत शिरतो असा माझा संशय आहे. ‘संतान’ त्याहून सैल. ‘बालके’ पुस्तकी. मला विचाराल तर मी ‘तान्ही लेकरं’ म्हणेन, जरी ओलेल नेहमी तान्हं नसतं, आणि ‘धन्य’च्या जागी ‘भाग्याचा’ ठेवीन. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, ते १९२४ मध्ये छापून निघालं. कुठे प्रत मिळाली तर हे स्तोत्र त्यातही काढून शेजारी ठेवा. हिब्रू अक्षरं शिकायची तुमच्या वर्गातल्या कुणाची तयारी असेल तर कळवा. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांनी मुंबईत बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहूदी समाजाच्या, मुलांसाठी १८३२ मध्येच मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं होतं, तेव्हा मराठीतून हिब्रू शिकणं ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि सुरुवातीला याच स्तोत्राची नऊ वचनं पुरतात.